बॉलला काही होत नाही

एका आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत मी पहिल्यांदा पंच म्हणून शिट्टी गळ्यात अडकवून कोर्टवर उतरलो तेव्हा माझा समज होता, नियम पाठ आहेत, डोळे शाबूत आहेत, आणखी काय लागतं? दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका मुलाने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारला. सुरेख, उंच कमान. रिंगमागच्या कडेच्या रेषेवर, बेसलाइनवर, उभा राहून मी तो बॉल नजरेने थेट रिंगपर्यंत पोहोचवून आलो. बॉल रिंगला लागून बाहेर आला, मी मान खाली घातली, तर एक मुलगा ओठ धरून सिमेंटवर बसलेला आणि बोटांतून रक्त. कोपर कुणाचं लागलं, कुणी कुणाला ढकललं, मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं. हाफटाइमला माझ्या जोडीचे पंच, वयाने आणि अनुभवाने माझ्या दुप्पट, जवळ आले.

"तेव्हा काय बघत होतास रे?"

"बॉल, सर."

"बॉलला काही होत नाही," ते म्हणाले आणि चहाकडे वळले.

प्रेक्षकांतून पंचाला मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे "चष्मा लावा!" पुढची काही वर्षं शिट्टी फुंकल्यावर आणि त्यामागचं विज्ञान थोडंफार वाचल्यावर माझं मत असं झालंय की चष्म्याने फारसं काही होणार नाही. पंचाची चूक बहुतेक वेळा डोळ्यांत नसते, पायांत असते. तो चुकीच्या जागी उभा असतो, किंवा योग्य जागी उभा राहून भलतीकडे बघत असतो.

हे बास्केटबॉलच्या जन्मापासूनचं दुखणं आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हा खेळ तयार केला, तेव्हा त्याचे १३ नियम होते. त्यातला दहावा म्हणतो, अंपायर हा माणसांचा न्यायाधीश, त्याने फाऊल टिपायचे. अकरावा म्हणतो, रेफ्री हा बॉलचा न्यायाधीश. बॉल खेळात आहे का, बाहेर गेला का, कुणाचा, हे त्याने ठरवायचं आणि वेळही त्यानेच ठेवायची. माणसं एकाने बघायची, बॉल दुसऱ्याने. एकाच जोडी डोळ्यांना दोन्ही झेपणार नाही हे नेस्मिथनी तेव्हाच ओळखलं असावं.

का झेपत नाही, हे डोळ्याच्या रचनेत आहे. आपल्याला वाटतं, समोरचं सगळं एकसारखं स्वच्छ दिसतंय. तसं नसतं. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध एक छोटासा खळगा असतो, बारीक तपशील तोच टिपतो आणि त्याच्या वाट्याला जेमतेम २ अंशांचा कोन येतो. हात लांब करून अंगठा धरला तर नखाएवढी जागा. चार मीटरवरच्या खेळाडूंकडे बघताना ही स्पष्ट जागा सुमारे १४ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे एक मनगट आणि त्यावर पडलेला एक पंजा, बस्स. बाकीचं कोर्ट कडेच्या नजरेत असतं. तिथे हालचाल छान कळते, तपशील धूसर. ही स्पष्ट जागा पंचाने बॉलवर खर्च केली, तर खाली रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून परत येणारा बॉल पकडण्यासाठी, चाललेली कोपरांची मारामारी त्याच्या लेखी घडतच नाही.

आणि नजर तिकडे असली तरी लक्ष तिकडे असेलच असं नाही. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हिडिओत पांढऱ्या आणि काळ्या शर्टातली माणसं एकमेकांना बास्केटबॉल पास करतायत; बघणाऱ्यांनी एका संघाचे पास मोजायचे. मधेच गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती चालत येते, छाती बडवते, निघून जाते. सुमारे अर्ध्या लोकांना गोरिला दिसलाच नाही. प्रयोगासाठी त्यांनी नेमका बास्केटबॉलच घ्यावा, यावर पंचांच्या जमातीने एकदा मनमुराद हसून घ्यायला हवं.

यावर खेळाने काढलेला तोडगा म्हणजे कोर्टाची वाटणी. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, १९८८-८९ च्या हंगामापासून तीन पंच असतात. एक बेसलाइनवर (लीड), एक हल्ल्याच्या मागून येणारा (ट्रेल) आणि तिसरा समोरच्या बाजूला, फ्री थ्रोच्या रेषेच्या आसपास (सेंटर). प्रत्येकाला आपापला इलाखा. बॉल दुसऱ्याच्या इलाख्यात असेल तर आपण बॉल सोडायचा आणि आपल्या इलाख्यातली माणसं बघायची. आपल्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत बऱ्याचदा दोघेच पंच असतात, मग तीच जमीन दोघांत वाटून घ्यावी लागते आणि मधे कुठेतरी एक पट्टा बेवारस राहतो. अनुभवी खेळाडूंना तो पट्टा पंचांआधी सापडतो.

आता पायांचं. शूटर आणि त्याला अडवणारा डिफेंडर तुमच्या नजरेच्या रेषेत एकामागे एक आले, तर डोळ्यांत तेल घालून बघा, हात लागला की नाही हे कळणार नाही. समजा शूटरच्या आणि डिफेंडरच्या मनगटांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे. रेषेत उभं राहिलं तर ते शून्य दिसतं. चार मीटरवरून बघताना मीटरभर बाजूला सरकलं की तेच अंतर साधारण ७ सेंटिमीटर दिसू लागतं, पण तेवढी तर मनगटाचीच जाडी. दोन मीटर सरकलं की १३ सेंटिमीटर दिसतं आणि मधून उजेड दिसायला लागतो. हाच उजेड पंचाला हवा असतो. पंचांच्या शिकवणीत सारखं कानावर पडतं ते हेच: खेळाडूंकडे बघू नका, दोघांमधली फट बघा. आठ मीटरवर उभे असाल तर तेवढ्याच उजेडासाठी चार मीटर पळावं लागेल, आणि तोवर शॉट होऊन गेलेला असतो. म्हणून चांगला पंच फट बंद होण्याच्या आधीच सरकतो. प्रेक्षकांना वाटतं, हा माणूस उगाच बेसलाइनवर येरझाऱ्या घालतोय.

सरकायचं, पण निर्णयाच्या क्षणी थांबायचं, ही दुसरी शिकवण. पळताना डोकं वरखाली होतं. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा डोळ्यांना उलट दिशेने फिरवून चित्र स्थिर ठेवायची धडपड करते, पण ती भरपाई पूर्ण होत नाही. क्षणभर पाय रोवले की चित्र स्वच्छ होतं.

सगळ्यात जास्त भांडणं ज्यावर होतात तो निर्णय म्हणजे ब्लॉक (फाऊल डिफेंडरचा) की चार्ज (फाऊल हल्ला करणाऱ्याचा). हल्ला करणारा उडी मारून आत घुसतो, डिफेंडर वाटेत येतो, दोघे आडवे होतात. फाऊल कुणाचा? नियम सांगतो, डिफेंडर समोर तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आधी जागेवर आला असेल आणि हल्ला करणारा हवेत झेपावण्यापूर्वी तिथे असेल, तर जागा त्याची. म्हणजे पंचाला दोन घटनांचा क्रम लावायचाय: एकाचा पाय जमिनीवरून सुटला ती वेळ आणि दुसऱ्याचा पाय टेकला ती वेळ. इथे मेंदू एक जुनी खोड काढतो. ज्या गोष्टीकडे लक्ष असतं ती आधी घडल्यासारखी वाटते; मानसशास्त्रात हे शंभराहून जास्त वर्षं माहीत आहे. म्हणून पंचांना शिकवतात, डिफेंडरपासून सुरुवात कर. हल्ला करणाऱ्याच्या हालचाली कडेच्या नजरेलाही कळतात, पण डिफेंडर जागेवर होता का, हे त्याच्याकडे आधीपासून बघितल्याशिवाय कळत नाही. नुसत्या धडपडीकडे बघून निर्णय दिला तर जास्त नाटकी पडणाऱ्याचं फावतं.

खेळाडू खोटं बोलतात असं मात्र प्रत्येक वेळी म्हणू नये. दोघांच्या हातातून बॉल बाहेर जातो आणि दोघेही छातीठोकपणे "सर, त्याचा लास्ट टच!" म्हणतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातले टाय टँग आणि मायकेल मॅकबीथ यांनी २०१९ मध्ये दाखवलं की दोघांचा स्पर्श एकाच वेळी झाला तरी माणसाला स्वतःचा स्पर्श आधी झाल्यासारखा वाटतो, सुमारे ५० मिलिसेकंदांनी. म्हणजे दोघेही आपापल्या परीने खरं सांगत असतात. हे वाचल्यापासून मी मुलांवर कमी चिडतो.

शॉट खाली येत असताना, पूर्ण बॉल रिंगच्या वर असेल तेव्हा त्याला हात लावला तर तो नियमभंग, गोलटेंडिंग. वर जात होता की खाली येत होता, हे सोपं वाटतं, पण कमानीच्या टोकाला बॉलचा उभा वेग शून्य असतो. टोकाच्या आधीचा आणि नंतरचा दशांश सेकंद धरला तर तेवढ्या वेळात बॉल जेमतेम ५ सेंटिमीटरच वरखाली होतो. लीड पंच रिंगखालून वर बघत असतो, त्याला ते कळणं अशक्यच. म्हणून ही जबाबदारी बाजूने कमान दिसणाऱ्या ट्रेल आणि सेंटरकडे.

शेवटच्या क्षणीच्या शॉटलाही भौतिकशास्त्र आडवं येतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कोर्ट २८ मीटर लांब. मध्यरेषेजवळच्या टेबलावरचा वेळ संपल्याचा हूटर बेसलाइनपर्यंत पोहोचायला ०.०४ सेकंद लागतात, तेवढ्यात बॉल बोटांतून सुटलेला असू शकतो. मोठ्या सामन्यांत बोर्डच्या कडेने लाल दिवा लागतो तो यासाठीच, उजेडाला असा उशीर होत नाही. आमच्या कोर्टवर दिवा कुठला? टेबलावरच्या मुलाने हूटरचं बटण वेळेवर दाबलं तरी आम्ही मनातल्या मनात आभार मानतो.

शिट्टीचीही एक गोष्ट आहे. जुन्या शिट्टीत बुचाचा गोळा असायचा. थुंकीने तो फुगायचा, जोरात फुंकलं तर अडकायचा आणि नेमक्या वेळी शिट्टी मुकी व्हायची. कॅनडाचे पंच रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांची शिट्टी अशी भर सामन्यात अडकली. त्यांनी रचनाकार चक शेफर्ड यांच्याबरोबर बिनगोळ्याची शिट्टी तयार केली. १९८७ मध्ये आलेली फॉक्स ४० ती हीच. आत तीन कप्पे, प्रत्येकाची पट्टी किंचित वेगळी. जवळजवळ सारखे सूर एकत्र आले की आवाज कमीजास्त होत थरथरतो, आणि तोच थरथराट गोंगाटातून कानात घुसतो. आता ही शिट्टी कधीच अडकत नाही, त्यामुळे न वाजवल्याचा दोष पूर्णपणे पंचाचा.

न वाजवण्यामागे गोंगाटाचाही हात असतो. २००२ मध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या ४० पंचांना एकाच सामन्यातले ४७ टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. खेळ वेगळा, प्रयोग व्हिडिओवरचा, हे खरं; पण घरच्या मैदानावर अख्खं कॉलेज जिन्यावर बसून ओरडत असताना यजमानांविरुद्ध मूठ वर करून फाऊल दाखवायला हात जड होतो, हे मी स्वतः अनुभवलंय. यावर मला एकच उपाय लागू पडला: घाई न करणं. धक्का लागला की लगेच फुंकायचं नाही. त्याने चेंडूवरचा ताबा गेला का, शॉट बिघडला का, एवढं बघून मग फुंकायचं. मघाच्या सरांची शिट्टी नेहमी अर्धा ठोका उशिरा यायची. सुरुवातीला मला वाटायचं, वयामुळे.

पुढच्या वेळी टीव्हीवर सामना लागला तर एक क्वार्टरभर बॉल सोडा आणि बेसलाइनवरच्या लीडला बघा. बॉल उजवीकडून डावीकडे गेला की तो रिंगच्या मागून पलीकडे चालत जाईल, थांबेल, अर्धं पाऊल मागे घेईल. शॉट सुटेल, सगळं स्टेडियम वर बघेल आणि तो तेवढा खाली, चार-पाच पाठी आणि कोपरांच्या गर्दीत बघत राहील. बास्केट झाली की नाही, हे त्याला जाळीच्या आवाजावरून कळतं.