पायाखालची वाळू काय सांगते?

समुद्रकाठी सुट्टीला गेलं की पहिला वाद ठरलेला: आज कुठल्या किनाऱ्यावर जायचं? आसपास तीन-चार पुळणी असतात आणि निवड होते ती फोटो पाहून. माझा आग्रह असा, की आधी चप्पल काढून वाळूत चार पावलं चालावं. तिथल्या समुद्राचा स्वभाव पायांना लवकर कळतो.

०.०६ ते २ मिलिमीटर आकाराच्या कणांना भूशास्त्रात वाळू म्हणतात. एवढ्याशा फरकावर पुळणीचा उतार बराचसा ठरतो. लाट चढताना वाळू वर आणते. कण जाडे असतील तर पाणी त्यांच्या फटींतून झटकन मुरतं, परतणाऱ्या पाण्यात जोर उरत नाही आणि आणलेली वाळू वरच राहते. असं होत होत उतार उभा होतो. बारीक वाळूत पाणी मुरायला वेळ लागतो. ते वरूनच परततं आणि जाताना वाळूही घेऊन जातं. म्हणून पिठासारख्या वाळूची पुळण सपाट, पसरट असते. ओली असताना ती इतकी घट्ट बसते की पाऊल फारसं रुतत नाही.

पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. सपाट पुळणीवर हे काठापासून बरंच दूर घडतं, मग लाट फेसाळत, दमत आपल्यापर्यंत येते. उभ्या उतारावर ती थेट काठाशी कोसळते. कमरेएवढी लाटसुद्धा माणसाला वाळूवर डोक्यावर आपटू शकते, आणि मानेच्या, मणक्याच्या गंभीर दुखापती गुडघाभर पाण्यातही होतात. शिवाय तिथे दोन-चार पावलांत पाय टेकेनासा होतो. लहान मुलं सोबत असतील तर अशी पुळण बघण्यापुरतीच ठेवावी.

ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या राइट आणि शॉर्ट या संशोधकांनी १९८४ साली पुळणींची वर्गवारी मांडली. एका टोकाला लाटेचा जोर दूरवर जिरवणाऱ्या सपाट पुळणी, दुसऱ्या टोकाला लाट परतवणाऱ्या उभ्या पुळणी आणि त्यांच्या मध्ये चार अवस्था. खरी काळजी या मधल्या पुळणींचीच. तिथे पाण्याखाली वाळूचे दांडे असतात. लाटा दांड्यांवर फुटतात, पाणी काठाकडे साठतं आणि परतताना दांड्यांमधल्या खिंडीतून एकवटून बाहेर धावतं. हाच रिप करंट. त्याचा वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण क्वचित २ मीटरच्याही पुढे जातो. त्याच्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही.

खिंडीत पाणी खोल, म्हणून तिथे लाटा फारशा फुटत नाहीत. काठावरून दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा दिसतो. नीट पोहता न येणारा माणूस नेमका तोच पट्टा सुरक्षित समजून निवडतो, आणि हे दर वेळी आठवलं की जीव कासावीस होतो. त्या पट्ट्यात फेस किंवा गढूळ पाणी समुद्राकडे सरकताना दिसलं तर पाऊलही टाकू नका. चुकून सापडलात तर काठाकडे झगडू नका. हा प्रवाह खाली ओढत नाही, बाहेर नेतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमलं तर काठाला समांतर, लाटा फुटताहेत तिकडे सरका. पुळणीच्या टोकाला, खडकांना लागूनही अशी ओढ असते आणि ती सहसा जागा बदलत नाही.

वेळेचंही भान हवं. ओहोटीला दांडे उघडे पडू लागतात, पाणी खिंडींतूनच वाट काढतं आणि ओढ वाढते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे परवा सकाळी अकराला जो समुद्र भेटला तो आज अकराला भेटेलच असं नाही. एका वादळात दांडे आणि खिंडी जागा बदलतात. गेल्या वर्षी मुलं जिथे निवांत डुंबली होती, तिथे यंदा पुन्हा उंचावर उभं राहून दहा मिनिटं लाटा बघाव्या लागतात.