हिरात्सुका राइचो यांच्या विचारांतील झेन

जपानी स्त्री-चळवळीच्या अग्रणी हिरात्सुका राइचो (१८८६–१९७१) यांच्या स्त्रीस्वातंत्र्याच्या कल्पनेचे मूळ झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाच्या साधनेत आहे. त्यांचे मूळ नाव हारु. जन्म टोकियोतील एका वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याच्या घरी झाला. मुलींच्या शिक्षणाचे ध्येय तेव्हा ‘चांगली पत्नी, शहाणी माता’ घडवणे एवढेच मानले जाई, आणि १८९८ च्या नागरी कायद्याने घरातील सत्ता कुटुंबप्रमुखाच्या हाती दिली होती.

जपान महिला विद्यापीठात शिकत असताना, १९०५ मध्ये, त्या निप्पोरी येथील र्‍योमो-आन या ध्यानकुटीत झेन गुरू शाकु सोकात्सु यांच्याकडे जाऊ लागल्या. ‘र्‍योमो’ म्हणजे दोन्हींचे विस्मरण, द्वैत गळून पडणे. तिथे त्यांना कोआन मिळाले, म्हणजे तर्काने न सुटणारा, ध्यानात धरून बसायचा प्रश्न: आईवडिलांच्याही जन्माआधीचा तुझा मूळ चेहरा कोणता? कुणाची तरी मुलगी आणि पुढे कुणाची तरी पत्नी, एवढीच ओळख मिळणाऱ्या तरुणीला हा प्रश्न किती खोल भिडला असेल! १९०६ मध्ये त्यांना ‘केन्शो’ म्हणजे स्वस्वरूपाचे दर्शन झाल्याची मान्यता गुरूंनी दिली.

सप्टेंबर १९११ मध्ये निघालेल्या ‘सेइतो’ या स्त्रियांच्या मासिकातील त्यांचा जाहीरनामा या अनुभवातूनच उमलला. ‘आरंभी स्त्री सूर्य होती’ हे त्यातले वाक्य सूर्यदेवता आमातेरासूशी जोडले जाते. पण पूर्ण लेख वाचला की हा सूर्य प्रत्येकीच्या आत झाकलेली प्रतिभा आहे, हे स्पष्ट होते. ती उघडण्याची वाट राइचो सांगतात ती चित्ताच्या एकाग्रतेची. स्त्री-पुरुष भेद मनाच्या खालच्या थरांतला. खऱ्या ‘स्व’ला तो नाही. सद्धर्मपुंडरीक सूत्र या महायान बौद्ध ग्रंथातील नागकन्या बुद्धत्वाला पोचण्याआधी पुरुषरूप घेते. राइचोंच्या वाटेवर अशा रूपांतराची गरजच उरत नाही, आणि हेच त्यांचे सर्वांत धाडसी पाऊल वाटते.

या भूमिकेची एक मर्यादाही होती. मतदान, मालमत्ता, मजुरी हे प्रश्न ध्यानाने सुटत नाहीत. स्वतः आई झाल्यावर, स्वीडिश लेखिका एलेन के यांच्या प्रभावाखाली, त्या मातृत्वाला शासनाने आधार द्यावा असे मांडू लागल्या. त्यावरून कवयित्री योसानो आकिको यांच्याशी त्यांचा गाजलेला वाद झाला. पुढे इचिकावा फुसाए आणि ओकु मुमेओ यांच्यासह त्यांनी नवी स्त्री संघटना उभारली. तिच्या प्रयत्नांनी १९२२ मध्ये कायदा बदलला आणि जपानी स्त्रियांना राजकीय सभांना जाता येऊ लागले.