मानसिक आरोग्य आणि ऑटिझमवरच्या रोमान्स कादंबऱ्या

नायक किंवा नायिका ऑटिस्टिक आहे, नाहीतर डिप्रेशन, अँग्झायटी, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती मनाविरुद्ध पुन्हा पुन्हा होणं) असलं काहीतरी सोबत घेऊन जगतेय, आणि ही गोष्ट कथेला वरून चिकटवलेली नसून त्या दोघांचं कसं जमतं याच्याशीच बांधलेली आहे, अशा प्रेमकथा ढोबळमानाने या गटात धरतात. दोन्ही विषय एकाच टोपलीत टाकले जातात खरे, पण ते एक नाहीत. ऑटिझम हा मानसिक आजार नाही, मेंदूची जडणघडणच वेगळी असते, त्यामुळे डिप्रेशनमधून माणूस बाहेर येऊ शकतो तसं ऑटिझममधून 'बाहेर येणं' हा प्रकारच नसतो. मात्र ऑटिस्टिक लोकांमध्ये अँग्झायटी आणि डिप्रेशन बरंच आढळतं, म्हणून पुस्तकांतही दोन्ही जोडीनेच येतात. ऑटिझमला आपल्याकडचा शब्द स्वमग्नता, म्हणजे स्वतःतच बुडालेलं असणं, आणि गंमत अशी की यातल्या चांगल्या कादंबऱ्या नेमका हाच समज खोडून काढतात.

रोमान्समध्ये लेखक-वाचकांचा एक अलिखित करार असतो: शेवट गोड. सगळी गोची इथेच होते, कारण गोड शेवट म्हणजे नक्की काय? पूर्वी उत्तर सोपं होतं, एकतर वेडसर ठरवलेलं माणूस वाटेतून दूर व्हायचं, नाहीतर प्रेमाने बरं व्हायचं. १८४७ च्या 'जेन एअर'मध्ये नायकाची माळ्यावर कोंडलेली बायको मरते तेव्हाच नायिकेचा रस्ता मोकळा होतो (त्या बायकोची बाजू ऐकायला १९६६ उजाडावं लागलं, जीन ऱ्हीसने तिच्यावर कादंबरी लिहिली तेव्हा). दुसरा मार्ग म्हणजे 'तू आलीस आणि माझ्या गोळ्या सुटल्या' छापाचा, आणि तो अजूनही अधूनमधून डोकं वर काढतोच.

लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमचं वर्णन केलं १९४३ मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या काळात घडणाऱ्या कादंबरीत हा शब्द आजच्या अर्थाने पात्रांच्या तोंडी येऊच शकत नाही. जेनिफर ॲशलीच्या 'द मॅडनेस ऑफ लॉर्ड इयन मॅकेन्झी'चा (२००९) नायक व्हिक्टोरियन काळातला, बापाने वेड्यांच्या इस्पितळात टाकलेला, नजरेला नजर देणं त्याला जड जातं आणि चिनी मिंग भांड्यांचा नाद आहे, वाचणाऱ्याला सगळं कळतं पण नाव कुणीच घेत नाही. ग्रॅम सिम्शनच्या 'द रोझी प्रोजेक्ट'मध्ये (२०१३) तर शब्द हाताशी असूनही नायक डॉन ॲस्पर्जरवर (ऑटिझमच्याच एका प्रकाराचं तेव्हाचं नाव) व्याख्यान देतो आणि आपण त्यातच बसतो हे त्याच्या गावीही नसतं. पुस्तक हसवतं, पण हसू कधी डॉनच्या बाजूने येतं आणि कधी डॉनवर, हे प्रत्येक पानावर तपासून बघावं लागतं. त्याच वर्षी डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत ॲस्पर्जर हे वेगळं नाव जाऊन सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये आलं.

खरा बदल झाला तो ऑटिस्टिक लेखिका स्वतः लिहायला लागल्यावर. हेलन होआंगला मोठेपणी, २०१६ मध्ये निदान मिळालं आणि २०१८ मध्ये तिची 'द किस कोशंट' आली, नायिका स्टेला आकडेमोडीत हुशार पण जवळीक म्हटली की घाबरते, म्हणून शिकायला चक्क पैसे देऊन एस्कॉर्ट ठेवते. मला मात्र तिचं 'द हार्ट प्रिन्सिपल' (२०२१) जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यातली ॲना व्हायोलिन वाजवते पण एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत बसते, वर्षानुवर्षं सगळ्यांना आवडेल असा मुखवटा घालून म्हणजे मास्किंग करून ती पार संपलेली असते, त्यात वडिलांची सेवाशुश्रूषा येते आणि निदान घरच्यांच्या गळी उतरत नाही. प्रेम मिळाल्याने तिचा बर्नआउट चुटकीसरशी जात नाही, आणि रोमान्स म्हणून विकल्या गेलेल्या पुस्तकात हे लिहायला धाडस लागतं.

तालिया हिबर्टच्या 'ॲक्ट युअर एज, ईव्ह ब्राउन'मध्ये (२०२१) वेगळीच मजा, जेकब ऑटिस्टिक आहे आणि ईव्हलाही हळूहळू स्वतःबद्दल तेच उमगायला लागतं, म्हणजे एक नॉर्मल माणूस दुसऱ्याला सांभाळून घेतोय हा साचाच उडाला. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं होतं की गैरसमज दोन्हीकडून होतो, ऑटिस्टिक माणसाला समोरचा कळत नाही तितकाच समोरच्यालाही तो कळत नाही. ही जोडी वाचताना ते आपोआप पटतं.

लिहिण्याच्या अंगानेही इथे एक भारी गोष्ट घडते. नेहमीचा रोमान्स चालतो न बोलता कळण्यावर, चोरटी नजर, अर्धवट वाक्य, 'नाही'तला 'हो'. पण नायिकेला सूचक बोलणं कळतच नसेल तर समोरच्याला सरळ विचारावं लागतं, इथे हात लावू का, हलका स्पर्श नको असेल तर घट्ट धरू का, हा आवाज त्रास देतोय का. वाटतं रंगाचा बेरंग होईल, होतं उलटंच, कारण लक्ष देऊन विचारणारा माणूस आकर्षक वाटतो.

त्रुटी आहेतच. गणितात, विज्ञानात अफाट हुशार असलेला ऑटिस्टिक नायक आता घिसापिटा झालाय. आणि पात्रं बहुतेक चांगली नोकरी असणारी, घडाघडा बोलणारी. ज्यांना बोलता येत नाही किंवा रोजच्या कामांत मदत लागते, त्यांना नायक-नायिकेची जागा अजून क्वचितच मिळते.