‘पंधरा दिवसांत थांबेल’ : नैराश्याच्या गोळ्या सोडतानाच्या त्रासाची पार्श्वभूमी

नैराश्यावरच्या गोळ्या अनेक महिने किंवा वर्षे घेतल्यानंतर त्या बंद करणाऱ्यांपैकी काही जणांना चक्कर, मळमळ, झोपमोड, भडक स्वप्ने, विनाकारण रडू येणे, चिडचिड आणि मान किंवा डोळे वळवताच डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असा त्रास होतो, हे आज मानसोपचारशास्त्रात सर्वमान्य आहे. वाद आहे तो हा त्रास किती जणांना, किती तीव्र आणि किती काळ होतो याबद्दल. यापैकी काळाचा प्रश्न सर्वांत कळीचा आहे, कारण त्रास आठवडाभरात आपोआप थांबणार असेल तर रुग्णाला धीर देणे पुरेसे ठरते. तो महिनोन्महिने चालणार असेल, तर औषध कमी करण्याची पद्धतच बदलावी लागते. ‘आठवडा-पंधरा दिवस’ हे उत्तर कुठून आले, इतकी वर्षे का टिकले आणि अखेरीस का बदलावे लागले, हा या विषयाच्या इतिहासाचा गाभा आहे.

या औषधांची सुरुवात १९५० च्या दशकात झाली. क्षयरोगाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिडमुळे त्यांची मनःस्थिती सुधारते, असे अमेरिकेत लक्षात आले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून यांनी गायगी कंपनीच्या इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावर होणारा परिणाम टिपला आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५९ मध्ये, इमिप्रामिन बंद केल्यावर रुग्णांना त्रास होतो अशी निरीक्षणे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. १९६१ मध्ये क्रेमर, क्लाइन आणि फिंक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी याच विषयावर स्वतंत्र लेख लिहिला. म्हणजे औषध आणि ते सोडतानाचा त्रास या दोन्ही गोष्टी वैद्यकशास्त्राला जवळजवळ एकाच वेळी कळल्या होत्या. पुढे जे घडले, त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

इमिप्रामिनच्या पिढीतील औषधे असिटिलकोलिन या रसायनाचे कार्य दडपतात आणि औषध थांबताच ते कार्य उसळून वर येते, असे स्पष्टीकरण पुढे आले व बऱ्याच अंशी स्वीकारलेही गेले. त्यामुळे हा त्रास जुन्या औषधांचा दोष मानला गेला. नवी औषधे असिटिलकोलिनला फारसा हात लावत नव्हती, तेव्हा ती सोडताना काही होणार नाही असे गृहीत धरणे सोपे झाले. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी ही नवी पिढी १९८० च्या दशकात आली. फ्लुऑक्सेटिन, म्हणजे प्रोझॅक, हिला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये परवानगी मिळाली आणि पाठोपाठ सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन बाजारात उतरल्या.

वेळही तशीच होती. ब्रिटनमध्ये डायझेपामसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांच्या सवयीचे प्रकरण नुकतेच गाजले होते आणि लोकांचा गोळ्यांवरचा विश्वास डळमळला होता. तेथील मानसोपचारतज्ज्ञांच्या आणि जनरल प्रॅक्टिशनरांच्या रॉयल कॉलेजांनी १९९२ ते १९९६ या काळात नैराश्याविरुद्ध मोठी जनजागृती मोहीम चालवली. तिच्या आरंभी घेतलेल्या जनमत चाचणीत ७८ टक्के लोकांनी नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते असे मत दिले होते. हा लोकांचा गैरसमज आहे आणि तो दूर करायला हवा, अशी मोहिमेची भूमिका होती. तिच्यात तथ्य होते, पण अर्धेच. दारू किंवा अफूप्रमाणे या गोळ्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही, हे खरेच आहे. मात्र शरीर औषधाला सरावते आणि ते काढून घेतल्यावर कुरकुरते, ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडेही दवाखान्यात रुग्णाचे नातेवाईक ‘डॉक्टर, याची सवय तर लागणार नाही ना?’ असे विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा दोन्ही प्रश्न असतात आणि उत्तर पहिल्याच प्रश्नाचे मिळते.

ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९९३ मध्येच पॅरॉक्सेटिन सोडल्यानंतरच्या त्रासाची डॉक्टरांना सूचना दिली होती. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातील फिनिक्स येथे प्रोझॅक बनवणाऱ्या एली लिली कंपनीच्या खर्चाने तज्ज्ञांची एक बैठक झाली. सवय आणि व्यसन यांची आठवण करून देणारे ‘विथड्रॉवल’ हे जुने नाव टाळून या त्रासाला ‘औषध थांबवल्यानंतरची लक्षणे’ असे सौम्य नाव तिथे रूढ झाले. बैठकीतून निघालेल्या लेखांत ही लक्षणे साधारणतः सौम्य व अल्पकाळ टिकणारी असल्याचे म्हटले होते. लिलीला यात रस असण्याचे कारण व्यापारी होते. फ्लुऑक्सेटिन आणि शरीरात तिच्यापासून तयार होणारे सक्रिय द्रव्य उतरायला कित्येक आठवडे लागतात, तर पॅरॉक्सेटिन सुमारे एका दिवसात निम्मी होते आणि व्हेन्लाफॅक्सिन काही तासांतच. साहजिकच प्रतिस्पर्ध्यांच्या गोळ्या सोडणाऱ्यांना त्रास लवकर आणि जास्त जाणवत असे.

हे सिद्ध करणारा अभ्यास १९९८ मध्ये आला. तोही लिलीच्याच पैशातून झाला होता, पण त्याची रचना चोख होती. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन अनेक महिने घेऊन बऱ्या झालेल्या २४२ रुग्णांच्या गोळ्यांच्या जागी पाच ते आठ दिवस, त्यांना कळू न देता, औषध नसलेल्या गोळ्या ठेवण्यात आल्या. फ्लुऑक्सेटिनच्या गटात १४ टक्के, सर्ट्रालिनच्या ६० टक्के आणि पॅरॉक्सेटिनच्या ६६ टक्के रुग्णांना त्रास झाला. या अभ्यासाने त्रास खरा आहे हे निर्विवाद दाखवले. पण अभ्यासच आठ दिवसांनी संपला, कारण सर्वांना पुन्हा मूळ औषध सुरू करण्यात आले. त्यातून काळाबद्दल काहीही कळणे शक्य नव्हते. असे असूनही ‘सौम्य व थोडे दिवस’ हे वाक्य पुढच्या लेखांत एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही लक्षणे साधारण आठवडाभरात आपोआप थांबतात असे लिहिले आणि ते विधान २०१९ पर्यंत कायम राहिले.

रुग्णांचा अनुभव मात्र या वाक्यात बसत नव्हता. ऑक्टोबर २००२ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमाने सेरोक्सॅटवर, म्हणजे पॅरॉक्सेटिनवर, भाग प्रसारित केला आणि हजारो प्रेक्षकांनी फोन केले. आलेल्या १,३७४ ईमेलचा चार्ल्स मेडावर आणि अँड्र्यू हर्क्सहायमर यांनी बारकाईने अभ्यास केला. डोक्यातल्या झटक्यांचे वर्णन त्यांत पुन्हा पुन्हा, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून, जवळपास त्याच शब्दांत आले होते. २००३ मध्ये कंपनीने आपल्या माहितीपत्रकातील त्रासाचे प्रमाण ०.२ टक्क्यावरून २५ टक्क्यांवर नेले.

वादाला निर्णायक वळण मिळाले ते २०१८ मध्ये. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या अध्यक्षांनी एका सहकाऱ्यासह ‘द टाइम्स’ला पत्र लिहून बहुसंख्य रुग्णांचा त्रास दोन आठवड्यांत संपतो असे सांगितले. कॉलेजच्याच संकेतस्थळावर आठशेहून अधिक रुग्णांच्या पाहणीची माहिती होती आणि तीत हा काळ सहा आठवड्यांपर्यंतचा दिला होता. टीकाकारांनी ती नेमकी पुढे केली. त्याच वर्षी जेम्स डेव्हिस आणि जॉन रीड यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून गोळ्या सोडणाऱ्यांपैकी सरासरी ५६ टक्क्यांना त्रास होतो असा निष्कर्ष काढला. तो काहीसा फुगलेला आहे असे माझे मत आहे, कारण त्यात ऑनलाइन पाहण्यांचा वाटा मोठा आहे आणि त्रास झालेली माणसेच अशा पाहण्या भरायला पुढे येतात. तरी दबाव टिकला. मे २०१९ मध्ये कॉलेजने काहींचा त्रास तीव्र आणि दीर्घ असू शकतो हे मान्य केले, ऑक्टोबरमध्ये ‘नाइस’ने आपले विधान बदलले, आणि मधल्या काळात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अहवालातून इंग्लंडमध्ये एका वर्षात ७३ लाख लोकांना, म्हणजे १७ टक्के प्रौढांना, या गोळ्या दिल्या गेल्याचे समोर आले.

गोळ्या कमी करण्याची रीतही त्याच वर्षी नव्याने मांडली गेली. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी ‘द लॅन्सेट सायकियाट्री’मधील लेखात मेंदूच्या स्कॅनच्या जुन्या आकडेवारीचा आधार घेतला. सिटॅलोप्रॅम या नव्या पिढीतल्याच औषधाचा रोजचा २० मिलिग्रॅम डोस सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या रेणूंपैकी सुमारे ८० टक्के व्यापतो. पण ५ मिलिग्रॅम एवढा किरकोळ वाटणारा डोसही ६० टक्क्यांच्या आसपास व्यापतो. म्हणजे २० वरून १५, १० आणि ५ अशा तीन सारख्या पायऱ्या उतरताना मेंदूच्या दृष्टीने फारसे काही घडत नाही आणि ५ वरून शून्यावर येताना मात्र सगळी घसरण एकदम होते. शेवटचीच पायरी सर्वांत उंच असलेला हा जिना आहे. ‘अर्धी गोळी दोन आठवडे, मग बंद’ या प्रचलित सल्ल्याने अनेकांची फसगत का होते, याचे उत्तर इथे मिळते. एक दिवस आड गोळी घेण्याचा सल्लाही, फ्लुऑक्सेटिनसारखे सावकाश उतरणारे औषध वगळता, योग्य ठरत नाही. पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्याला त्यामुळे दर दुसऱ्या दिवशी छोटासा धक्का बसतो.

शास्त्रज्ञांनी डोस आणि परिणाम यांची ही वक्ररेषा काढण्यापूर्वीच रुग्ण शेवटच्या पायऱ्या लहान करून मोकळे झाले होते. व्हेन्लाफॅक्सिनची कॅप्सूल उघडून आतले बारीक मणी मोजणे, गोळीचे ब्लेडने तुकडे करणे, द्रव औषध सिरिंजने मोजून घेणे, हे उपाय त्यांनी एकमेकांकडून शिकून घेतले. नेदरलँड्समध्ये पीटर ग्रोट आणि जिम फान ओस यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या पट्टीने याला व्यवस्थित रूप दिले. एका पट्टीत २८ दिवसांच्या २८ पुड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर त्या दिवसाचा, आदल्या दिवसाएवढा किंवा त्यापेक्षा किंचित कमी असलेला डोस छापलेला असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोळ्या पूर्ण सोडू इच्छिणाऱ्या ८९५ जणांपैकी ७१ टक्क्यांना ते जमले होते. २०२२ मध्ये ‘नाइस’नेही प्रत्येक टप्प्यावर आधीच्या डोसचा ठरावीक हिस्सा कमी करावा, डोस लहान होईल तशी कपातही लहान करावी आणि गोळीने ते जमत नसेल तर द्रव औषध द्यावे, असे सुचवले.

दरम्यान जुना गोंधळ पूर्णपणे मिटलेला नाही. गोळी सोडल्यावर आलेली चिंता आणि रडू म्हणजे मूळ आजार परतला, असे समजून औषध आयुष्यभरासाठी पुन्हा सुरू केले जाण्याची उदाहरणे जगभर आहेत. काही खुणा ओळखता येतात : गोळी सोडल्यापासून थोड्याच दिवसांत सुरू झालेला, चक्कर किंवा झटके यांसारख्या पूर्वी कधी नसलेल्या लक्षणांसह आलेला आणि डोस पुन्हा घेताच दोन-तीन दिवसांत ओसरणारा त्रास बहुधा औषध सोडल्याचा असतो; नैराश्य सहसा सावकाश, आठवड्यांनी परतते. पण परतते हेही खरे. २०२१ मध्ये इंग्लंडमधील ४७८ रुग्णांच्या चाचणीत औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचे आणि चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे नैराश्य वर्षभरात उलटले.

२०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी केलेल्या मोठ्या विश्लेषणात औषध सोडणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी त्रास सांगितला, पण औषध नसलेली गोळी सोडणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांनी सांगितला. म्हणजे औषधामुळे होणारा त्रास सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास सुमारे पस्तीस जणांत एकाला. २०२५ मधील दुसऱ्या विश्लेषणाने सरासरी एकच जादा लक्षण नोंदवले. या आकड्यांनी दिलासा मिळतो खरा, मात्र त्यांत समाविष्ट चाचण्यांतील बरेच रुग्ण औषध काही आठवडे किंवा महिनेच घेत होते आणि सोडल्यानंतर त्यांच्यावर थोडेच दिवस लक्ष ठेवले गेले. पाच-दहा वर्षे गोळ्या घेतलेल्यांना ते आकडे लावता येत नाहीत. १९९८ च्या अभ्यासाची मर्यादा इथेही आडवी येते.

भारतात आणखी एक पेच आहे. इथे एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध आणि क्लोनाझेपाम हे डायझेपामच्या जातीचे औषध एकाच गोळीत सर्रास दिली जातात. अशी गोळी अचानक बंद झाली की दोन वेगवेगळ्या औषधांचा त्रास एकाच वेळी सुरू होतो, आणि क्लोनाझेपाम एकाएकी थांबवल्यास क्वचित फिट येण्याचाही धोका असतो. म्हणून डोस कमी करण्याआधी पाकिटावरील घटक वाचून डॉक्टरांकडून ही जोडगोळी सुटी करून मागावी आणि कोणते औषध आधी, किती टप्प्यांत उतरवायचे हे लिहून घ्यावे. त्रास असह्य झाल्यास आधीच्या डोसवर परत जाण्याबद्दल त्यांच्याशीच बोलावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.