अ‍ॅक्टिनिक केराटोसिस : त्वचेवर लावायची औषधे

वर्षानुवर्षे अंगावर घेतलेल्या उन्हामुळे त्वचेच्या वरच्या थरातील पेशी बिघडून जे खरखरीत चट्टे उठतात, त्यांना अ‍ॅक्टिनिक केराटोसिस म्हणतात. टक्कल, कपाळ, नाक, कानाची कड, पंजाची मागची बाजू अशा सतत उघड्या राहणाऱ्या जागी ते येतात. ते डोळ्यांआधी बोटांना कळतात. त्वचा जेमतेम लालसर दिसते, पण हात फिरवला की पॉलिश पेपरसारखी लागते. उन्हातील अतिनील किरणांमुळे पेशींच्या डीएनएमध्ये, विशेषतः पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या टीपी५३ या जनुकात, बिघाड होतो. अशा पेशींतून पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. एखाद्या चट्ट्याचा कर्करोग होण्याची शक्यता थोडी असते आणि काही चट्टे आपोआप जातातही. पण कोणता जाईल आणि कोणता बिघडेल, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

गोऱ्या कातडीचे लोक प्रखर उन्हाच्या प्रदेशात राहतात तिथे हा विकार फार आढळतो. ऑस्ट्रेलिया हे त्याचे ठळक उदाहरण. सावळ्या त्वचेला मेलॅनिन या रंगद्रव्याचे संरक्षण असल्याने भारतात तो कमी दिसतो. मात्र जन्मतः मेलॅनिन कमी असलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या व्यक्तींना तो आपल्याकडेही तरुण वयात गाठतो, आणि त्यांच्याकडे वेळेवर लक्ष दिले जायला हवे. गालांवर येणारे वांग वेगळे. ते कर्करोगाकडे जात नाहीत आणि पुढे दिलेली औषधे त्यांच्यावर लावायची नसतात.

एकदोन चट्टे असतील तर द्रव नायट्रोजनने गोठवणे सोपे. पण चट्टा उठतो तेव्हा भोवतालची साधी दिसणारी त्वचाही बहुधा बिघडलेली असते. चट्टे जास्त असतील तर म्हणूनच सबंध भागावर औषध लावतात.

या औषधांत फ्लुरोयुरॅसिल सर्वांत जुने, आणि आजही सर्वांत भरवशाचे. चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ते कर्करोगावरचे औषध म्हणून पुढे आणले. ते शिरेतून घेणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवरील जुने केराटोसिस लाल होऊन नाहीसे होतात आणि शेजारची निरोगी त्वचा शाबूत राहते, असे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यातूनच मलमाची कल्पना निघाली. डीएनए घडवायला लागणारे थायमिडीन तयार होण्याची वाट हे औषध अडवते. भराभर विभागणाऱ्या बिघडलेल्या पेशी त्यामुळे मरतात.

५ टक्क्यांचे मलम साधारणपणे दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावतात. पहिले काही दिवस काहीच घडत नाही. मग लाली येते, आग होते. दुसऱ्या आठवड्यापासून खपल्या धरतात, कुठे कुठे त्वचा ओलसर होते. आधी न दिसलेले चट्टेही लाल होऊन वर येतात. चेहरा इतका वाईट दिसतो की अनेक जण घाबरून मलम मध्येच सोडतात. ही प्रतिक्रिया बहुधा औषध लागू पडत असल्याची खूण असते, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. मलम बंद केल्यावर दोन-चार आठवड्यांत त्वचा भरून येते. डोळ्यांत सूज, पू किंवा ताप आला, तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे. लावल्यावर हात धुवावेत. गरोदरपणी हे मलम वर्ज्य आहे. कुत्र्या-मांजराने ते चाटले तर जीवावर बेतते, म्हणून ट्यूब त्यांच्या तोंडी लागेल अशी ठेवू नये.

इमिक्विमॉड शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागे करून काम करते. ५ टक्क्यांची क्रीम आठवड्यातून दोनदा, १६ आठवडे लावण्याची पद्धत आहे. डायक्लोफेनॅकचे ३ टक्क्यांचे जेल सौम्य असते, पण दोन-तीन महिने लावावे लागते. टिरबॅनिब्युलिनला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते फक्त पाच दिवस, रोज एकदा लावायचे असते. युफोर्बिया पेप्लस या वनस्पतीच्या चिकापासून मिळालेल्या इन्जेनॉल मेब्युटेटचाही मोठा गाजावाजा झाला होता, पण ते लावलेल्या जागी त्वचेचा कर्करोग अधिक आढळू लागल्याने २०२० मध्ये युरोपच्या बाजारातून ते मागे घेतले गेले.

नेदरलँड्समधील ६२४ रुग्णांवरील तुलनेचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर फ्लुरोयुरॅसिलला सुमारे ७५ टक्के, इमिक्विमॉडला ५४, प्रकाश-उपचाराला (त्वचेवर औषध लावून त्यावर प्रकाश सोडणे) ३८ आणि इन्जेनॉलला २९ टक्के रुग्णांत यश टिकले होते. अमेरिकेतील माजी सैनिकांवरील २०१८ च्या चाचणीत चेहरा व कानांवर फ्लुरोयुरॅसिलचा एकच कोर्स दिला, तेव्हा पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया लागणारे स्क्वॅमस कर्करोग ७५ टक्क्यांनी घटले. पुढच्या वर्षांत हा फायदा ओसरला. उन्हाने केलेली हानी त्वचेत खोल मुरलेली असल्याने चट्टे पुन्हा उठतात आणि कोर्स पुन्हा करावा लागतो. रोज सनस्क्रीन लावल्याने नवे चट्टे कमी उठतात, हे ऑस्ट्रेलियातील १९९३ च्या चाचणीत दिसून आले होते.

चट्टा जाड झाला, दुखू लागला, त्यातून रक्त येऊ लागले किंवा कोर्स पूर्ण होऊनही तो हटला नाही, तर आणखी मलम न चोळता बायोप्सी करावी.