ठिणगीशिवायचे इंजिन: नव्या डिझेल गाडीशी ओळख

साताऱ्यातून कासकडे निघाले की गाव मागे पडते न पडते तोच यवतेश्वरचा घाट लागतो. गेली अकरा वर्षे मी हा घाट एका लहान पेट्रोल गाडीने चढत आलो होतो आणि कोणत्या वळणावर कोणता गिअर टाकायचा, हे हातापायांना पाठ झाले होते. दिवाळीत डिझेल गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात त्याच घाटातल्या एका तीव्र वळणावर, नेहमीप्रमाणे दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तेव्हा गाडी दीड-दोन सेकंद घुटमळली आणि मग एकाएकी अशी उसळली की समोरच्या कठड्यापाशी ब्रेक लावावा लागला. गाडीत बिघाड काहीही नव्हता. पेट्रोल इंजिनाची सवय झालेला पाय डिझेल इंजिनाकडून जे मागत होता, ते त्या क्षणी त्या इंजिनाकडे नव्हते, एवढेच.

पुढच्या दोन महिन्यांत गाडीच्या अशा अनेक लकबी लक्षात आल्या. सुरुवातीला त्या सुट्या सुट्या वाटतात. पण त्यांचे मूळ शोधत गेल्यास जवळजवळ सर्वच लकबी एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे डिझेल इंजिनात ठिणगी नसते.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने वेगळा मार्ग धरला आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. त्याची कल्पना अशी की, सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती इतकी दाबायची की दाबण्यानेच ती तापेल आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडले की ते आपोआप पेट घेईल. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, ते याच कारणाने. आजच्या डिझेल गाडीत हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. डिझेल आपोआप पेटण्यास सव्वादोनशे अंशांच्या आसपासचे तापमान पुरते.

सकाळी गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर वेटोळ्या तारेसारखा जो पिवळा दिवा लागतो, त्याचा अर्थ येथे कळतो. थंडीच्या दिवसांत पहाटे इंजिनाचे लोखंड गार पडलेले असते आणि दाबलेल्या हवेची बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंतीच शोषून घेतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये ग्लो प्लग नावाची विजेवर तापणारी एक लहान कांडी बसवलेली असते आणि ती तापेपर्यंत हा दिवा चालू राहतो. साताऱ्याच्या हवेत हे काम बहुधा दोन-तीन सेकंदांत होते. चावी एकदम शेवटपर्यंत न फिरवता दिवा विझू द्यावा आणि मगच इंजिन सुरू करावे. बटणाच्या गाड्यांत ही वाट गाडी स्वतःच पाहते, त्यामुळे बटण दाबल्यावर क्षणभर काहीच घडले नाही तरी ते पुन्हा पुन्हा दाबू नये.

थंड इंजिनाचा तो टकटक आवाजही यातूनच येतो. इंधन सोडल्यानंतर ते पेटायला अत्यल्प का होईना, वेळ लागतो. तेवढ्यात साठलेले इंधन एकदम पेटले की दाब झटक्याने वाढतो आणि सिलिंडरवर हातोडी पडल्यासारखा आवाज होतो. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनांत, म्हणजे सर्व सिलिंडरांना एकाच सामाईक नळीतून डिझेल पुरवणाऱ्या इंजिनांत, वातावरणाच्या दाबाच्या सोळाशे ते दोन हजार पट दाबाने, केसाइतक्या बारीक छिद्रांतून डिझेल फवारले जाते आणि मुख्य फवाऱ्याआधी एक चिमूटभर फवारा सोडून आग हळुवार लावली जाते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सारे सेकंदाला सोळा-सतरा वेळा, तेही सेकंदाच्या काही हजारांश भागात उरकते. मला हे आजही अद्भुत वाटते. इंजिन गरम झाले की आवाज उतरतो, मात्र त्यासाठी उभ्या गाडीला रेस देत बसण्याची गरज नाही. पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी संथपणे चालवली की ती आपोआप गरम होते.

आता पायाखालच्या फरकाकडे वळू. पेट्रोल इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर दाबणे म्हणजे मुख्यतः हवेची झडप उघडणे. डिझेल इंजिनात हवा जवळजवळ अडवली जात नाही आणि शक्ती किती मिळणार, हे केवळ इंधनाच्या मात्रेवर ठरते. राजवाड्याजवळच्या गर्दीत याचा फायदा पहिल्यांदा जाणवला. सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडला की अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकते. इंजिनाच्या फेऱ्या कमी होऊ लागल्या की इंजिनाचा संगणक स्वतःहून इंधन वाढवतो आणि गाडी बंद पडू देत नाही. पेट्रोल गाडीत क्लच सोडण्याआधी थोडी रेस देण्याची सवय असते. तीच सवय येथे ठेवली तर गाडी धक्का देऊन निघते आणि क्लचची प्लेट विनाकारण झिजते. पोवई नाक्यावरच्या रांगेत हाफ क्लचवर ताटकळण्यापेक्षा पुढे थोडी जागा होऊ द्यावी आणि मग क्लच पूर्ण सोडून गाडी तिच्या चालीने जाऊ द्यावी.

घाटातल्या त्या घुटमळण्याचे कारण टर्बो हे आहे. जास्त इंधन जाळायचे तर जास्त हवा हवी. ती पुरवण्यासाठी सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक लहान चक्र फिरवले जाते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. या चक्रांच्या फेऱ्या मिनिटाला एक लाखाच्याही वर जातात. परंतु इंजिन बाराशे-तेराशे फेऱ्यांवर रेंगाळत असेल, तर बाहेर पडणारे वायूच कमी असतात. चक्र मंद फिरते, हवा कमी मिळते आणि हवा नाही म्हणून संगणक इंधनही हात राखून सोडतो. पाय दाबलेलाच राहिला की वायू वाढतात, चक्र वेग घेते, हवा येते, इंधन वाढते आणि साचून राहिलेली सारी मागणी एकदम पूर्ण होते. माझ्या गाडीत हा उंबरठा सुमारे सतराशे फेऱ्यांवर आहे. बहुतेक डिझेल गाड्यांत तो पंधराशे ते दोन हजारांच्या दरम्यान सापडतो. म्हणून वळणात शिरण्याआधीच गिअर उतरवून फेऱ्या दाखवणारा काटा या उंबरठ्याच्या वर ठेवला की गाडी अखंड ओढते. यवतेश्वरच्या त्याच वळणावर आता मी पहिला गिअर टाकतो आणि कठड्याची चिंता राहिलेली नाही.

ही बाब जिवावर बेतू शकते ती ओव्हरटेक करताना. गळीत हंगामात कोरेगाव रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, समोरून वाहन येत असते आणि मध्ये मोकळी जागा थोडीच असते. चौथ्या गिअरमध्ये तेराशे फेऱ्यांवर बाहेर पडल्यास ते दोन सेकंद बरोबर ट्रॉल्यांच्या बाजूला असतानाच संपतात. मागे असतानाच तिसरा गिअर टाकावा, टर्बो जागा झाल्याचे पाठीला जाणवू द्यावे आणि मगच बाहेर पडावे. दुसरीकडे, हे इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांच्या पुढे ताणण्यात अर्थ नसतो, कारण त्याचा खरा जोर मधल्या टप्प्यातच असतो. नवे इंजिन असल्यास पहिले हजार-दीड हजार किलोमीटर दोन्ही टोके टाळावीत: खूप रेस नको आणि वरच्या गिअरमध्ये धडधडत ओढणेही नको.

उताराचा विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझे चुलते एसटीत चालक होते आणि नवी गाडी पाहायला आल्यावर त्यांनी एकच गोष्ट सांगितली: "ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक थांबवायला असतो, आवरायला इंजिन." या वाक्यामागचे गणित करून पाहण्यासारखे आहे. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला येताना बारा-तेरा किलोमीटरांत गाडी पाचशे मीटरांहून अधिक खाली उतरते. माणसांसह दीड हजार किलो वजनाची गाडी पाचशे मीटर खाली आली की सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सुमारे २३ लिटर पाणी उकळी फुटण्याच्या तापमानापर्यंत नेण्यास ती पुरेल. त्यातला काही भाग टायर आणि वारा घेतात, पण मोठा वाटा कुठेतरी जिरवावाच लागतो. तो सारा ब्रेकवर टाकला तर ब्रेक तापतात, त्यांची पकड सुटू लागते आणि ब्रेकचे तेल उकळले तर पाय थेट तळाला जातो.

येथे डिझेलची आणखी एक लकब समजून घ्यावी लागते. पेट्रोल गाडीत पाय काढला की हवेची झडप मिटते, इंजिन त्या मिटलेल्या झडपेविरुद्ध हवा ओढत राहते आणि गाडी अडखळल्यासारखी मंदावते. डिझेलमध्ये हवा मोकळेपणाने आत येते, दाबली जाते आणि चेंडूसारखी परत उसळून दाबण्यासाठी लागलेली बरीच शक्ती परतही देते. त्यामुळे वरच्या गिअरमध्ये पाय काढला तरी गाडी पळतच राहते, असे पेट्रोलवरून आलेल्यांना वाटते. इंजिनाने गाडी आवरून धरायची तर त्याच्या फेऱ्या पुरेशा असाव्या लागतात, म्हणजेच खालचा गिअर हवा. पसरणी घाट मी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो आणि वाईत पोहोचेपर्यंत ब्रेक वळणापुरताच लागतो.

उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, हा समज आपल्याकडे खूप रुजला आहे. तो चुकीचा आहे आणि घातकही. गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि संगणक इंधन पूर्णपणे बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे तरी डिझेल जाळावेच लागते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून भयंकर. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिनावर चालणाऱ्या पंपाने तयार होते. इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा ब्रेक दाबताच ती मदत संपते, ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड पडते.

हातांच्या सवयी बदलायला फारसा वेळ लागत नाही. माझ्या जुन्या गाडीत इंडिकेटरची दांडी उजवीकडे होती, नव्या गाडीत ती डावीकडे आहे, त्यामुळे पंधरा दिवस प्रत्येक वळणावर वायपर फिरत होते. रिव्हर्ससाठी गिअरच्या दांड्यावरचे कडे वर उचलावे लागते. या गोष्टी घराच्या अंगणात, गाडी बंद असताना वीस-पंचवीस वेळा करून पाहिल्या की हाताला बसतात.

इंधनाच्या बाबतीत मात्र चुकीला क्षमा नाही. कॉमन रेलच्या उच्चदाब पंपाला वंगण पुरवते ते डिझेलच. पेट्रोलमध्ये तो स्निग्धपणा नसल्याने टाकीत चुकून पेट्रोल गेले तर पंपाचे धातू एकमेकांवर कोरडे घासतात आणि त्याचा चुरा फवाऱ्यांपर्यंत जातो. असे झाल्यास चावीही फिरवू नये, गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी. पेट्रोल पंपावर गाडी लावली की मी खाली उतरतो, "डिझेल" असे मोठ्याने सांगतो आणि नळी तोंडाला लागेपर्यंत तिथेच उभा राहतो. काही गाड्यांत निळ्या झाकणाची दुसरी लहान टाकी असते. तिच्यात धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करणारे ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असते आणि ते डिझेलच्या टाकीत जाता कामा नये.

शेवटचा भाग काजळीचा. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीची बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल कारच्या धुरातील सूक्ष्म कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी धुराच्या वाटेवर सिरॅमिकची एक जाळी बसवलेली असते. तिच्या नळ्या एकाआड एक टोकाला बंद असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतींतून झिरपूनच बाहेर पडावे लागते आणि काजळी आत अडकते. ती साचली की संगणक थोडे जादा डिझेल सोडून जाळीचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. या कामाला सलग दहा-वीस मिनिटे गाडी चालती हवी असते. घर ते शाळा, शाळा ते मंडई एवढ्याच फेऱ्या होत राहिल्या तर काम दर वेळी अर्धवट तुटते, जाळी तुंबते आणि न जळलेले डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते. तेलकांडीवरची पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर कारण बहुधा हेच असते. ज्यांची गाडी गावातच फिरणार आहे, त्यांनी डिझेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात चालू असणे, उभ्या गाडीच्या फेऱ्या नेहमीपेक्षा जास्त असणे, तापल्या लोखंडाचा वास येणे ही हे काम चालू असल्याची लक्षणे आहेत. जानेवारीतल्या एका रविवारी कऱ्हाडला जाताना नागठाण्याच्या आसपास क्षणोक्षणीचे अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा बाविसावरून चौदावर आला, तेव्हा मी सहावा गिअर उतरवून पाचवा घेतला, काटा दोन हजारांवर ठेवला आणि चहासाठी थांबण्याचा बेत पुढे ढकलला. उंब्रज मागे पडल्यावर थोड्याच वेळात आकडा पुन्हा बाविसावर आला. मग गाडी बाजूला घेतली, टर्बोच्या दांड्यावर तेल फिरत राहावे म्हणून इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवले आणि नंतर चावी काढली.