तोडलेलं फळही श्वास घेतं

झाडावरून उतरवलेलं सफरचंद मेलेलं नसतं. त्याच्या पेशी प्राणवायू घेतात, साठलेली साखर जाळतात, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकतात. फक्त झाडाकडून येणारा शिधा आता बंद झालेला असतो. साठा सरत जातो, फळ मऊ पडतं, सुरकुततं आणि बुरशीला वाट मोकळी होते.

दूध, मांस, शिजवलेलं अन्न टिकवायचं तर लढाई जंतूंशी असते. फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी हवाबंद बाटलीत अन्न उकळून टिकवण्याची रीत 1810मध्ये पुस्तकातून मांडली. त्यामागचे जंतू लुई पाश्चर यांनी उलगडले ते पुढे अर्ध्या शतकाने! ताज्या फळाला मात्र उकळून कसं चालेल? त्याला जिवंत ठेवून त्याचा श्वास तेवढा मंद करायचा असतो.

सोपा मार्ग थंडाव्याचा. तापमान 10 अंशांनी उतरलं की श्वसनाचा वेग निम्म्यावर, कधी तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणून तोडणीनंतर माल लगेच थंड करणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उन्हात गेलेले तास नंतर कुठलंही शीतगृह परत देत नाही. पण थंडी सगळ्यांना मानवत नाही. साधारण 13 अंशांखाली केळ्याची साल काळवंडते, तर फार थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते.

दुसरा मार्ग हवाच बदलण्याचा. केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी 1920च्या दशकात तो पद्धतशीर अभ्यासला. साध्या हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो. सफरचंदांच्या आधुनिक शीतगृहात तो 1 ते 3 टक्क्यांवर आणतात आणि फळं कित्येक महिने करकरीत राहतात. त्याहून फार खाली गेलं की फळ आतून आंबू लागतं, त्यामुळे या खोल्यांतल्या हवेवर सतत नजर ठेवावी लागते.

एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, या म्हणीमागे बुरशी तर आहेच, शिवाय इथिलीन वायूही आहे. पिकणारं किंवा जखमी फळ तो सोडतं आणि शेजारच्या फळांनाही पिकायची घाई होते. 1990च्या दशकात एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांना यावर सुरेख तोड सापडली: 1-मिथाइलसायक्लोप्रोपीन. इथिलीन पेशीत ज्या जागी चिकटतं ती जागा हा रेणू आधीच अडवतो, त्यामुळे पिकण्याचा निरोप पोचतच नाही.

एवढं सांभाळलेलं फळ शेवटी घरी येतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2022मध्ये दुकानं, खानावळी आणि घरं मिळून सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं 60 टक्के घरांतून. फ्रिजमध्ये सफरचंदं आणि पालेभाजी एकाच कप्प्यात असतील तर आजच वेगळी करा. सफरचंदाच्या इथिलीनने पानं लवकर पिवळी पडतात.